दहा पॉइंट दोन

४ फेब्रुवारी

बारक्या,

नऊ वर्षांनी लिहितोय, म्हणजे आधी तुझी खुशाली विचारायला हवी. पण तू बरा नाहीस असं कळलं तरी मी काय करणार आहे? म्हणून थेट कामाचं लिहितो.

माझी झडप गेली. चौदा वर्षांपूर्वी छाती उघडून बसवलेली ती. तेव्हाच सर्जन म्हणाला होता, जनावराच्या पातळ पडद्यापासून केलेली आहे, बारा-पंधरा वर्षं चालेल. माणूस शब्दाचा पक्का निघाला. आता तिच्या पाकळ्या कडक झाल्यात, एक फाटलीय, आणि पुढे ढकललेलं रक्त निम्मं मागे येतं. दुकान खाली, घर वर, मधे सोळा पायऱ्या. आठव्या पायरीवर मी थांबतो आणि भिंतीचा रंग कुठे उडालाय ते बघत असल्याचं नाटक करतो. लेक वरून ओरडते, "बाबा, भिंत कालचीच आहे, या वर!" तिला सगळं कळतं.

परत छाती उघडणं या वयात झेपणार नाही म्हणतात. शहात्तर पूर्ण झाली मला. म्हणून जांघेतून नळी घालून, जुन्या झडपेच्या आतच नवी बसवायची. हे हॉस्पिटल ते नव्हे, दुसरं आहे. पण पद्धत तीच. या पद्धतीचं नाव काढलं की आपल्या घरात काय होतं ते तुला सांगायला नको.

सोबत माझ्या स्कॅनची सीडी आहे, हॉस्पिटलचं नाव तिच्यावरच आहे. एकदा बघ आणि हृदयाच्या नळ्यांची तोंडं झाकली जाण्याची भीती किती ते कळव. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून विचारत नाही. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा जास्त जपून मोजतो, म्हणून विचारतो. लेकीला सांगितलेलं नाही, तेव्हा उत्तर दुकानाच्या पत्त्यावर टाक.

फोन करत नाही. तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी भलतंच काहीतरी बोलून बसेन. कागदावर निदान खोडता येतं.

दादा


१५ फेब्रुवारी

बारक्या,

अकरा दिवस झाले. पोस्टमन दुकानासमोरून सायकल हातात धरून चालत जातो, कारण त्याने पिशवीत बघितल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. काल म्हणाला, "मास्तर, पत्र असलं तर मी काय खिशात घालून घरी नेणार आहे का?"

डॉक्टरीणबाईंनी मला परवा समोर बसवून सगळं समजावलं. चाळिशीच्या असतील. केसांच्या अंबाड्यात पेन खोचतात आणि मग पेन टेबलभर शोधतात. त्यांनी कागदावर चित्र काढलं. नवी झडप मिटलेल्या छत्रीसारखी आत जाते आणि उघडते. ती उघडली की जुन्या झडपेच्या पाकळ्या बाजूला, भिंतीकडे रेटल्या जातात. आता त्याच भिंतीत दोन नळ्यांची तोंडं असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि खुद्द हृदयाला रक्त मिळतं ते त्यांतून. रेटलेली पाकळी त्या तोंडावर जाऊन बसली की हृदयाचं रक्त बंद. मग हातात मिनिटं उरतात.

मी आपला मान हलवत होतो. हे सगळं मला तोंडपाठ आहे हे त्यांना सांगितलं नाही. पुढे काय होतं तेही मला माहीत आहे. बाहेरच्या बाकावर माणूस बसलेला असतो, आत धावपळीचे आवाज येतात, एक नर्स पळत जाते, दुसरी पळत येते, आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही. तुझ्या वहिनीला अकरा मिनिटं लागली.

मी तुला दोष देतो असं तुला वाटत असेल. देतोच. डाव्या नळीचं तोंड किती उंचीवर आहे ते मोजायचं काम तुझं होतं. दहा मिलिमीटरच्या खाली असेल तर ही पद्धत वापरायची नाही, असा त्या हॉस्पिटलचा दंडक होता. तू दहा पॉइंट दोन लिहिलंस. ती गेल्यावर दुसऱ्यांनी मोजलं ते नऊ पॉइंट चार भरलं. यात माझं काय आहे? चौकशी समितीने मला विचारलं तेव्हाही मी हेच म्हणालो, की मी शिंपी माणूस, मला आकड्यांतलं काय कळतं. ते त्यांनी लिहून घेतलं. तुझी नोकरी गेली, तू त्या कुठल्या लहान गावच्या हॉस्पिटलात जाऊन बसलास, ते मी सांगितलं नव्हतं. आणि लेक तुला जिन्यात जे बोलली ते तिचं ती बोलली. तिची आई गेली होती.

बघ, कामाचं लिहायचं म्हणालो आणि हे काय लिहीत बसलो. खोडणार होतो, पण खोडलं तर अर्धं पान जाईल.

सीडी बघितलीस का? तेवढंच कळव.

दादा


२५ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पावती! "नात्यातल्या माणसाचं माप मी घेत नाही. त्यांच्याकडे कागद आहे, त्याप्रमाणे करायला सांगावं." एवढं लिहायला तुला एकवीस दिवस लागले? आणि सीडी परत, वरची चिकटपट्टीसुद्धा न काढता!

नात्यातला म्हणे. मी तुला पंधरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तुझी शाळा, तुझं कॉलेज, तुझं ते डॉक्टर होणं, सगळं मी मशीनवर बसून केलं आणि तुझ्या वहिनीने काज-बटणं करून केलं. एकदा तोंड उघडून विचारलं, तर मला नियम सांगतोस? कुठला कागद? कोणाचा कागद? हॉस्पिटलात कागद सोडून असतं काय!

बरं झालं. मला कळलं. आता मी लिहिणार नाही.


६ मार्च

बारक्या,

लिहिणार नाही म्हणालो होतो. लिहितोय. बसून वाच.

काल माझं माप घेतलं. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, जन्मभर मी लोकांची मापं घेतली, माझं घेताना मला बसू द्या. त्या हसल्या, म्हणाल्या, "बसा, पण मधे बोलायचं नाही." थंडगार खोली, मोठे पडदे, समोर दोन माणसं. एक जाड चष्मेवाला, एक स्वेटर घातलेली बाई. पडद्यावर माझं हृदय, करड्या रंगाचं, सोललेल्या फळासारखं. मला वाटलं तेवढं मोठं नव्हतं.

चष्मेवाल्याने रेष ओढली आणि मोठ्याने म्हणाला, "उजवी, सहा पॉइंट पाच." बाई म्हणाली, "उजवी, सहा पॉइंट पाच," आणि मग लिहिलं. "डावी, तीन पॉइंट एक." "डावी, तीन पॉइंट एक." लिहिलं.

हे तर आपलं दुकान! मी टेप धरून ओरडायचो, "छाती अडतीस," आणि तू वही घेऊन स्टुलावर, "छाती अडतीस," आणि मगच तुझी पेन्सिल चालायची. गिऱ्हाइकं हसायची आपल्याला. पण आपल्या दुकानातून कोट परत आला नाही कधी.

मी विचारलं, "तीन पॉइंट एक म्हणजे चांगलं का?" बाई म्हणाली, "नवी झडप उघडल्यावर तिच्या कडेपासून नळीच्या तोंडापर्यंत एवढीच जागा राहणार, आजोबा. चारच्या खाली असेल तर धोका धरतो आम्ही."

आता ऐक मी काय केलं. बायको यापायी गेलेली, नऊ वर्षं त्यावर तुझ्याशी अबोला धरलेला, आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "जरा परत मोजा की. रेष थोडी इकडे-तिकडे झाली असेल."

माझ्या तोंडून ते निघालं आणि मलाच ऐकू आलं.

चष्मेवाला चिडला नाही. म्हणाला, "मोजतो ना. सगळेच सांगतात." परत मोजलं तर चार पॉइंट दोन आलं. माझा जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत बाईने तीन पॉइंट एकच्या शेजारी चार पॉइंट दोन लिहिलं आणि तीन पॉइंट एकला गोल केला. मी म्हटलं, "अहो, चांगला आकडा आला ना!" त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक टंकलिखित कागद, प्लास्टिकमध्ये घालून, चारी कोपऱ्यांना चिकटवलेला. मी चष्मा बदलून वाचला.

एकाने मोठ्याने सांगावं, दुसऱ्याने ऐकून परत म्हणावं, मगच लिहावं. नुसती उंची मोजून थांबू नये, भिंतीपर्यंतची जागाही मोजावी. झडप उघडण्याआधी धोक्याच्या बाजूच्या नळीत तार नेऊन वाट राखून ठेवावी. मग चौथा नियम: कोणी परत मोजायला सांगितलं तर मोजावं, पण दोन्ही आकडे लिहावेत, आणि वाईट आकडा खरा धरावा. आणि पाचवा: नात्यातल्या माणसाचं माप स्वतः घेऊ नये.

मी विचारलं, हे कोणी लिहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्कॅन बघणारे कोणी डॉक्टर आहेत, लहान गावात असतात. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांनी हा कागद पोस्टाने मिळेल त्या हॉस्पिटलला पाठवला. बऱ्याच ठिकाणी केराच्या टोपलीत गेला असेल. आमच्या सरांनी भिंतीला लावला. त्या दिवसापासून इथे एकही पेशंट तसा गेला नाही." मी म्हणालो, "माझा धाकटा भाऊ आहे तो." त्यांनी पेन शोधायचं थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

बारक्या, आता जे लिहितोय ते तुला माहीत आहे. तरी मी लिहायला हवं, कारण मी ते कधीच कुठे लिहिलेलं नाही.

तू दुपारी दुकानात आला होतास. वहिनी वर होती. तू म्हणालास, "दादा, डावं तोंड फार खाली आहे, नऊ पॉइंट चार. नळीने नको. छाती उघडून करू." मी कात्री खाली ठेवली. माझी स्वतःची छाती उघडली होती, ते मला आठवत होतं. तीन महिने उशी छातीशी धरून खोकायचो, कुशीवर वळता यायचं नाही, लहान पोरासारखा रडायचो आणि ती माझी पाठ चोळत बसायची. तिला हे करायचं? मला ते बघवलं नसतं. तिचं दुखणं मला बघवलं नसतं, एवढाच हिशेब होता माझा. तिला काय वाटतं ते मी विचारलंसुद्धा नाही. आणि मी तुला म्हणालो, "अर्ध्या मिलिमीटरने काय होतं रे? एवढं तर शिवणीत जातं. परत मोज."

तू म्हणालास, "रेष कुठे धरतो त्यावर थोडं कमीजास्त होतं, पण..." मी तुझं 'पण' पुरं होऊ दिलं नाही. म्हणालो, "मग धर की जरा सैल. माझ्यासाठी एवढं करणार नाहीस?"

तू मला जन्मात कधी 'नाही' म्हणाला नव्हतास. मी तुला ते शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू दहा पॉइंट दोन घेऊन आलास आणि मी तुझ्या पाठीवर थाप मारली. तुझा चेहरा कसा होता ते मी बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं.

समितीसमोर तू माझ्याकडे एकदाच बघितलंस आणि म्हणालास, "माप माझं." मी समोरच्या खुर्चीत मूग गिळून बसलो. त्यानंतर घरी येऊन मी चहा प्यायलो. तो चहा मला गोड लागला होता, हेही लिहून टाकतो.

चौथा नियम माझ्यासाठी लिहिलास ना? माझ्यासारख्या माणसांपासून पुढच्यांना वाचवायला. पण त्यात माझं नाव घातलं नाहीस, कुठेच घातलं नाहीस.

बुधवारी माझं करायचं ठरलंय.

दादा


१० मार्च, दुपार, हॉस्पिटल

बारक्या,

उद्या सकाळी साडेआठला नेणार. वेळ आहे आणि वॉर्डातला टीव्ही बंद पडलाय, म्हणून लिहितो.

काय करणार ते डॉक्टरीणबाईंनी परत एकदा सांगितलं. डाव्या नळीत आधी एक तार आणि मिटलेला स्टेंट नेऊन ठेवणार, वेळ आलीच तर लगेच उघडायला. पण नुसतं त्यावर भागवायचं नाही असं त्यांचं मत पडलं. नवी झडप बसवायच्या आधी जुनी डावी पाकळीच मधोमध चिरणार. बारीक तार पाकळीतून आरपार न्यायची, तिला वीज द्यायची, आणि खालून वर चीर. मग पाकळी भिंतीला टेकली तरी चिरेतून रक्त जायला वाट राहते. सांगताना त्यांना वाटलं मी घाबरेन. मी म्हटलं, "कोटाला मागे चीर का ठेवतात माहीत आहे? माणूस बसला की कापडाला बाजूला व्हायला वाट हवी. चीर नसेल तर सगळं ताणून धरतं." त्या म्हणाल्या, "उद्या हेच उदाहरण मी पुढच्या पेशंटला देणार." मी म्हणालो, पुढचा पेशंट शिंपी नसला तर उपयोग नाही.

सकाळी संमतीच्या कागदावर सही करायला लेक आली. तिने पेन हातात घेतलं तेव्हा मी म्हणालो, थांब. तुझ्या आईच्या वेळी मी सही केली होती, तेव्हा मला जे माहीत होतं ते तुला माहीत नाही. ते ऐक आणि मग सही कर.

सगळं सांगितलं. नऊ पॉइंट चार, शिवण, सैल धर, सगळं. ती पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. माझा सदरा हातात होता, त्याची घडी घालायची, मोडायची, परत घालायची. मग म्हणाली, "मग काकाला घालवलं कोणी?"

"मी."

"मी नाही का? जिन्यात सगळ्यांसमोर मी म्हणाले, तू माझ्या आईला मारलंस, परत आमच्या दारात पाऊल टाकू नकोस. मी म्हणाले ना?"

मी म्हणालो, "अर्धा तास आधी मी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं, काकाने माप चुकवलं म्हणून. माझं मी तुझ्या तोंडून बोललो."

"तोंड माझंच होतं ना, बाबा?"

तुला मागच्या एका पत्रात मी उलटं लिहिलं होतं, की ती तिचं ती बोलली. ते खोटं होतं.

ती उठून गेली. दीड तास आली नाही. शेजारच्या पलंगावरचे आजोबा मला विचारू लागले, पोरीशी भांडलात काय? मी म्हटलं, हो, नऊ वर्षांपूर्वी. ती आली ती हातात चहाचा पेला घेऊन, निवलेला. डोळे सुजलेले. पेला माझ्यासमोर आपटला आणि म्हणाली, "मला तुमच्यावर इतकं रागवायचंय की एका दिवसात होणार नाही. तेव्हा उद्या मरायचं नाही. कळलं?" मग सही केली. मग माझा हात धरून बसली.

त्या जुन्या हॉस्पिटलालाही लिहिलंय. मी सांगितलं, तिने टाइप केलं, मी सही केली: आकडा माझ्या आग्रहावरून बदलला, आणि समितीसमोर मी ते लपवलं. याने तुझी नऊ वर्षं परत येत नाहीत हे मला समजतं. पण कागदावर तुझं नाव एकटं राहायला नको.

तू येशील म्हणून हे लिहीत नाही. उद्या मी उठलो नाही तर हे न सांगता गेलो असं व्हायला नको, म्हणून लिहितो. बारक्या, मी तुझ्यावर अन्याय केला. तू माझ्या मुलासारखा होतास आणि माझी भीती झाकायला मी तुला पुढे केलं. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो. माफ कर मला.

नर्सबाई जांघेवरचे केस काढायला आल्यात. या वयात ही लाज नशिबी होती.

दादा


२१ मार्च

बारक्या,

मी आहे. मागचं पत्र तुला मिळालं असेल.

आत काय झालं ते मला नंतर सांगितलं, मी गुंगीत होतो. पाकळी पहिल्या खेपेला चिरली नाही, तार निसटली. दुसऱ्यांदा नीट गेली. नवी झडप उघडल्यावर रक्तदाब एकदम खाली आला. मग डाव्या नळीत रंग सोडून चित्र घेतलं. चीर उघडली होती आणि तिच्यातून रक्त सरळ जात होतं. दाब आपोआप वर आला. राखीव स्टेंट उघडावाच लागला नाही, तसाच बाहेर काढला. मला डॉक्टरीणबाईंनी ते चित्र दाखवलं. काळी झाडाची फांदी दिसते तशी नळी, टोकापर्यंत भरलेली. मी पुष्कळ वेळ बघत होतो.

आणि मग त्यांनी फोनचं सांगितलं. म्हणाल्या, सकाळपासून बाहेरच्या टेबलावर तीनदा फोन आला. बोलणारा नाव सांगेना, पेशंटचा कोण ते सांगेना, एकच विचारत होता, "डावी उघडी आहे का?" दोनदा त्यांच्या माणसाने सांगितलं, अजून चालू आहे. तिसऱ्यांदा बाईंनी स्वतः घेतला आणि म्हणाल्या, "उघडी आहे, सर. पूर्ण उघडी आहे." पलीकडे कोणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं, असं त्या म्हणाल्या. मग फोन ठेवला.

त्यांनी हे माझ्या लेकीसमोर सांगितलं. तिने तोंडावर ओढणी धरली आणि बाहेर गेली.

आता मी घरी आहे. काल सोळा पायऱ्या चढलो. बाराव्या पायरीवर थांबलो, खरंच दमलो म्हणून.

लेकीला म्हणालो, काकाला फोन कर. म्हणाली, फोनवर नाही. म्हणालो, मग लिही. म्हणाली, "बोलले समोरासमोर, तर शब्द मागे घेणारही समोरासमोर." तुझ्या वहिनीची लेक आहे, दुसरं काय करणार. तिने चार दिवसांची रजा काढली, शेजारणीला माझ्या गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या, आणि उद्या पहाटेच्या बसने निघतेय. सहा तासांचा रस्ता आहे. मी म्हटलं, तो घरात नसला तर? म्हणाली, थांबेन. दार लावून घेतलं तर? म्हणाली, तरी थांबेन.

म्हणून हे पत्र पोस्टाने येत नाहीये. तुझ्या हातात दिलं ते तिनेच. ओळखलंस ना? तू तिला शेवटचं बघितलंस तेव्हा तिचे केस काळे होते.

तिने मला बजावलंय, "पत्रात माझी वकिली करायची नाही. काकाने सगळं वाचावं, आणि मला आत घ्यायचं की नाही ते त्याने ठरवावं, तोवर मी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहीन." म्हणून तिच्याबद्दल चांगलं काही लिहीत नाही. एवढंच सांगतो, गेले तीन दिवस ती भांडी घासताना तुला काय म्हणायचं ते पुटपुटतेय. मी ऐकलंय, चांगली आठ-दहा वाक्यं आहेत. त्यातलं एकही तिला तुझ्यासमोर आठवणार नाही. तेव्हा तूच आधी बोल.

पत्र खाली ठेव आता. ती बाहेर उभी आहे.